नाव चालू व्हायला वेळ लागतो

“डोमेन कुणाच्या नावावर घेतलं?” सुकलालने तिसऱ्यांदा विचारलं.

“तुमच्याच, भाऊ. ये देखो.” प्रवीणने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. सुकलाल पाटील, निंबोला. सगळं बरोबर होतं, तरी सुकलालचं समाधान होईना. लालबागेतल्या प्रवीणच्या कॉम्प्युटरच्या दुकानात तो सकाळपासून ठाण मांडून बसला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सुकलालचं तोंड कधी पोळलं नव्हतं, पण फुंकायला तो कमी नव्हता.

केळीच्या खोडापासून धागा कसा काढायचा, धुवायचा, विणायचा, याची चाळीस पानांची माहिती त्याने एका फुकट साइटवर टाकली होती. तिचा पत्ता लांबलचक, त्यात नाव दुसऱ्याच कंपनीचं. उद्या भोपाळहून प्रशिक्षणाचं काम देणारी माणसं येणार होती. त्याआधी साइट स्वतःच्या नावाने उघडली पाहिजे, नाहीतर मास्तर म्हणून त्याला कोण विचारणार?

“मग उघडत का नाही?”

“डोमेन म्हणजे तुमचं नाव साइटला जोडलंय, भाऊ. पण सगळीकडे पोचायला टाइम लागतो. कधी दहा मिनिटं, कधी दिवसभर.”

दिवसभरात तर कुणीही काहीही करील. सुकलालने खुर्ची पुढे ओढली.

वाट बघता बघता प्रवीण पानं चाळत होता. एका ठिकाणी तो थांबला. “भाऊ, इथं लिहिलंय, ‘हातातली बांगडी काढून त्यातून धाग्याची जुडी ओढावी, अडली तर पुन्हा विंचरावी.’ ये तुम्ही कसं करता?”

“कसं म्हणजे? लिहिलंय तसंच.”

“हां, सही आहे.” प्रवीण उठला. “सोनालीला फोन करून येतो.”

सोनाली त्याची बायको, दापोऱ्यात केळीच्या धाग्याचं काम शिकलेली. सकाळपासून तिची आठवण नव्हती, आणि आता फोन संपता संपेना. ओट्यावर उभा राहून तो हळू आवाजात बोलत होता, मधूनच आत बघत होता. सुकलालच्या मनात पाल चुकचुकली. नवरा-बायको मिळून नाव पळवणार, दुसरं काय?

प्रवीण आत येताच सुकलालने डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मागून घेतला आणि तिथल्या तिथे बदलून टाकला. प्रवीणने चहा मागवला, मग पोहे.

“मी निघतो,” सुकलाल म्हणाला. “घरूनच बघीन.”

“बसा ना, भाऊ. तुम्ही गेलात आणि मधेच अटकलं तर? फक्त पाच मिनिटं.”

एवढा आग्रह कशासाठी? सुकलालला राग आला, भीतीही वाटली. पण उद्याचं काम डोळ्यांपुढे होतं, म्हणून तो बसला. मोबाईलवर पुन्हा पुन्हा पत्ता टाकत राहिला, आणि एकदाची साइट उघडली. पत्त्यात त्याचंच नाव. त्याचा जीव भांड्यात पडला. बिचाऱ्या प्रवीणवर उगाच संशय घेतला म्हणून त्याला थोडी लाजही वाटली.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आधी सोनाली उतरली, तिच्या मागून दापोऱ्याची सिंधूताई.

“हाच तो,” सिंधूताई म्हणाली. “आठ दिवसांत आणून देतो म्हणून मी लिहिलेली धाग्याची वही यानंच नेली होती.”