मागचे शॉकअप

पुंजारामनं शॉकअपची नळी दुकानाच्या फरशीवर उभी धरली, तिच्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि ढेरीसकट सगळा भार टाकला. नळी तसूभरही दबली नाही. लालबुंद तोंडानं तो हसला.

"ह्याला म्हनत्यात माल! ट्रकचा हाय ना?"

"ट्रकचाच," दुकानदार म्हणाला. गिऱ्हाईक जे बोलेल त्याला मागून 'च' लावायचा, एवढ्यावर त्याचं दुकान छान चाललं होतं.

जीपच्या पुढच्या सीटवरून सगुणाबाई नवऱ्याचा हा आखाडा बघत होती. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पुंजारामचा ठेका होता आणि तिथं कामाच्या जागेवर आज सत्यनारायण होता. पूजेला जोडीनं बसायचं म्हणून ती जरीची साडी नेसून निघालेली, आणि यजमान इथं द्वारकेच्या चौकातल्या दुकानात लोखंडाशी कुस्ती खेळत होते. ह्यांचा पुरुषार्थ नेहमी मुक्या वस्तूंवरच, तिच्या मनात आलं.

वीजकेंद्राच्या गेटवर दुसऱ्या एका ठेकेदाराची उंच जीप दिसली, तेव्हापासून हे सगळं सुरू झालं होतं. लगेच पुंजारामनं आपल्या मिल्ट्रीच्या लिलावातल्या जीपचे स्प्रिंगचे पाटे वाढवले, मोठी चाकं घातली. गाडी वीतभर वर गेली, अक्कल होती तिथंच राहिली. जुने शॉकअप आता आखूड पडत. चाक खड्ड्यात उतरलं की ते पुरते ताणले जात आणि ठण्णकन हिसका बसे. अशा हिसक्यांनी पुंजारामची स्वतःची कंबर धरली, तेव्हा कुठं नवे शॉकअप घ्यायला हवेत असं त्याला वाटलं.

पुढच्या चाकांसाठी त्यानं लांब आणि नरम जोडी काढायला लावली. ही नळी दाबली की सावकाश खाली जाई आणि सावकाशच वर येई.

"लोन्यावानी हाय," तो म्हणाला.

"उंच गाडीला हीच बरोबर," दुकानदार म्हणाला. "मागंही हीच देऊ का?"

"छ्या! मागं ते ट्रकचं टाक. मागं कोन बसतंय? मजूरच ना!"

"मजूरच," दुकानदार म्हणाला.

सगुणाबाईनं मान वळवून मागं पाहिलं. लोखंडी बाकावर चांगुणा प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं मांडीशी धरून बसली होती. सुरगाण्याकडून कामाला आलेली ही पोर इंदिरानगरच्या मागं झोपडीत राहायची. रोज सकाळी ह्याच बाकावरून एकलहऱ्याला खडी वाहायला जायची आणि संध्याकाळी ह्याच बाकावरून परत यायची. आता तिला सातवा महिना होता. आधी दोनदा पोट पडलं होतं, म्हणून ह्या वेळी तिनं बुडाखाली सिमेंटच्या गोणीची घडी घेतली होती.

"जरा खाली उतर गं, पाय मोकळे कर," सगुणाबाई म्हणाली.

"नको बाई. उतरलं तं चढवील कोन? मालकानी लय उंच केली ना गाडी!"

चांगुणा हे कौतुकानं बोलली. त्यामुळं सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अहो, मागं पन नरमच घाला. पोर पोटुशी हाय."

"तुला गाडीतलं काय कळतंय? मागं कडकच पायजे." फिटरला खूण करत त्यानं पुढं जोडलं, "आन् त्यांना सवय असती."

पूर्वी ह्या माणसाचा तिला राग यायचा. आता नुसती किळस आली.

फिटरनं चारही शॉकअप बसवले. पुंजारामनं चाकापुढं नारळ फोडला आणि वाकून हळदकुंकू वाहिलं, तेही पुढच्या दोनच नळ्यांना. मागं तो गेलाच नाही.

सगुणाबाई खाली उतरली. वळसा घालून मागं गेली आणि पातेल्यासाठी तिनं हात पुढं केले.

"दे इकडं. तू पुढं बस."

"मी? मालकाशेजारी?" चांगुणा घाबरली.

"बस म्हनते ना."

फिटरच्या मदतीनं तिनं चांगुणाला उतरवलं, पुढच्या सीटवर बसवलं. मग पदर खोचून ती स्वतः मागच्या बाकावर चढली. गोणीची घडी तिनं चांगुणाबरोबरच पुढं दिली होती.

"हे काय सोंग?" पुंजाराम दबक्या आवाजात ओरडला. "गेटवर समदे सायेब उभे आसतील. माझ्याशेजारी हिला बघून काय म्हनतील?"

"ते तुम्ही बघा."

"आधी पुढं ये!"

"नाय येत. जास्त बोललात तर हितनंच रिक्षा करून माहेरी जाईन. मग बसा समद्या सायबांपुढं बायकोच्या जागी कमरेला सुपारी खोचून एकटेच पूजेला."

पुंजाराम गाडीत बसला आणि त्यानं चावी फिरवली.

द्वारकेचा चौक ओलांडताच पहिला खड्डा आला. बाकानं सगुणाबाईला वर फेकलं आणि खाली येताना पाठीत असा दणका दिला की दातावर दात आपटले. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ही पोर रोज दोन वेळा असलेच हिसके सोसते आणि वर गाडीचं कौतुक करते! तिनं पातेलं घट्ट धरलं.

पुंजारामनं आरशात पाहिलं. बायकोचं कुंकू फिसकटलं होतं, अंबाडा सुटला होता, जरीच्या पदरावर शिरा सांडला होता. हे ध्यान साहेबांपुढं पूजेला बसणार होतं. त्यानं वेग कमी केला. पुढच्या खड्ड्याला आणखी कमी केला. शेवटी जीप बैलगाडीसारखी चालू लागली. सीटच्या कडेला अवघडून बसलेली चांगुणा हळूहळू मागं टेकली.

सायकलवरचा एक दूधवाला घंटी वाजवत त्या उंच जीपच्या पुढं निघून गेला.

"का हो?" मागून सगुणाबाई म्हणाली. "हाना की जोरात. मागं कोन बसतंय?"