परत येण्याचा पुरावा

"हे पत्र तुमच्या वडिलांनीच लिहिलंय कशावरून?" अधिकाऱ्यानं विचारलं.

दाराची खालची फळी बंद होती, वरची उघडी. त्या उघड्या चौकटीला टेबल भिडवून तो बसला होता आणि ती बाहेर कॉरिडॉरमध्ये उभी होती. आमंत्रणाचं पत्र त्यानं उजेडात धरलं.

"खाली सही आहे त्यांची," ती म्हणाली.

"सही थरथरलीय. नक्कल करणाऱ्याचा हात असा थरथरतो."

"म्हाताऱ्या माणसाचाही थरथरतो, साहेब."

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. उत्तर आवडलेलं दिसलं नाही, पण पत्र त्यानं परत फेकलं नाही. बाजूला ठेवलं.

पत्रात लिहिलेल्या युरोपातल्या देशात पाऊल ठेवायचं तर छोट्या मुदतीचा व्हिसा हवा, आणि तो याच्या हातून सुटल्याशिवाय वडिलांची भेट नाही, हे तिनं केव्हाच मान्य केलं होतं. वडील आजारी होते. प्रत्येक भेटीत ते आधीच्यापेक्षा थोडे कमी उरलेले असायचे. म्हणून आज नकार घेऊन जायची तिची तयारी नव्हती.

मागच्या आठवड्यात तिच्या भावाला याच दारातून नकार मिळाला होता. त्याचं चुकलं एवढंच, की तो आवाज चढवून वाद घालत बसला. मला काळ्या यादीत टाकलंय, तू जा, तुझी जीभ गोड आहे, असं त्यानं फोनवर हसत सांगितलं.

आजही लक्षण ठीक नव्हतं. चहाचा ट्रे नेणाऱ्या निळ्या एप्रनमधल्या बाईनं तिला येता येताच हळूच सावध केलं होतं. साहेब सकाळपासून कुणालाच सोडत नाहीयेत. एका डॉक्टरांना कागद अपुरे म्हणून ताटकळत ठेवलं. केस कापणारा तर हात हलवत परत गेला.

ती फाईलमधून एकेक कागद पुढे करत होती. प्रवासविमा. राहण्याचा पत्ता. परतीचं तिकीट. तिकीट त्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"इतक्या लवकर परत?"

"रजा मिळत नाही."

सगळे असंच सांगतात, तो म्हणाला. जायला मिळालं की तिकडेच तळ ठोकतात. कुणी मावशीच्या आजारपणाला म्हणून गेला आणि हॉटेलात भांडी घासताना सापडला. एक अख्खं बॅंडपथक कार्यक्रमाला गेलं, त्यातला परत आला तो फक्त ढोल. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ती मात्र योग्य जागी हसली.

मग त्यानं तिचा पासपोर्ट ओढून घेतला आणि अंगठा ओला करून पानं उलटली.

"कोरा आहे. याआधी कधी गेला नाहीत?"

"बऱ्याचदा गेलेय."

"मग शिक्के कुठायत?"

तिची नजर त्याच्या कोपराशेजारच्या शाईच्या पॅडकडे गेली. तिनं ती लगेच वळवली.

"उमटले नसतील," ती म्हणाली.

त्यानं पासपोर्ट मिटला. "बाई, या खुर्चीत माझे केस पांढरे झाले. शिक्काच उमटला नाही, असं आजवर कुणी ऐकवलं नव्हतं."

भावाचंही नेमकं इथेच बिनसलं असणार. तिनं आवाज खाली ठेवला. "प्रत्येक वेळी गेले आणि प्रत्येक वेळी परत आले, साहेब. नियम मोडला नाही."

"वडील आजारी आहेत म्हणता."

"हो."

"आणि दर वेळी त्यांना तसंच टाकून परत आलात."

या प्रश्नासाठी फाईलमध्ये कागद नव्हता. कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी बादली सरकवली. तिनं फाईल छातीशी धरली.

"हो," ती म्हणाली. "परत यावंच लागतं."

तो कागद सारखे करून त्यांना टाचणी लावू लागला. ती उलट जास्तच सावध झाली. सुटलो असं वाटून माणूस सैल पडतो, खरा प्रश्न तेव्हा विचारायचा, ही त्याची जुनी खोड तिला ठाऊक होती.

"तिकडे थंडी फार," तो सहज बोलल्यासारखं बोलला. "वडिलांना काय नेताय?"

"लोकरीचे मोजे. पाय गार पडतात त्यांचे. पण स्वतःहून मागायचे नाहीत."

टेबलाखाली अधिकाऱ्यानं एक पाऊल दुसऱ्यावर घासलं.

"विकायला तर नाही ना?"

"एकच जोड आहे, साहेब."

त्यानं शिक्का उचलून पॅडवर दाबला. पॅड इतका कोरडा होता की करकरला. मग दोन्ही हातांनी जोर लावून त्यानं तो पासपोर्टच्या पानावर उमटवला. पान होतं तसंच पांढरं राहिलं. त्यावर फुंकर घालून, वाळल्याची खात्री करून त्यानं पासपोर्ट तिच्या हातात दिला.

"मंजूर. पण छोट्या मुदतीचा. मुक्काम वाढवून मिळणार नाही."

"माहीत आहे."

टेबल बाजूला ओढून त्यानं स्वतःच खालच्या फळीची कडी काढली. ती आत आली. खिडकीजवळच्या कॉटवरची चादर त्यानं तळहातानं सारखी केली, औषधांचा डबा उशाशी सरकवला, आणि टेकत टेकत कडेला बसून शेजारी तिच्यासाठी जागा केली.

"बसा," तो म्हणाला. "तुमचे वडील येतीलच इतक्यात."

ती खाली जमिनीवर बसली आणि त्याचं गार पाऊल तिनं मांडीवर घेतलं.

"हो, बाबा," ती म्हणाली.