विचारेल त्याला हो

अप्पांनी रॉकेट स्वतः बनवलं होतं. वर गेल्यावर छोटा बार उडवून पॅराशूट सोडायचं काम आतल्या कॉम्प्युटरचं. ते लॅपटॉपवरून ठरवून देताना पडद्यावर इंग्रजी प्रश्न यायला लागले, तसा त्यांनी मुलाला फोन लावला.

"अहो अप्पा, मी मीटिंगमध्ये आहे! वाचत काय बसता? तो विचारेल त्याला हो म्हणायचं, संपलं."

रॉकेट डाव्या हातात घट्ट धरून अप्पा उजव्याने हो दाबत गेले. शेवटचा प्रश्न होता, बार आत्ताच उडवून बघायचा का?

उरलेली तीन बोटं बांधताना डॉक्टरांनी विचारलं, "असलं करायला सांगितलं कोणी यांना?"

"मी तर बजावलं होतं, नीट वाचूनच दाबा म्हणून," मुलगा म्हणाला. "हो ना, अप्पा?"

"हो," अप्पा म्हणाले.