चारशे विहिरींचं विरजण

टिळेकरांच्या सासूबाईंनी सकाळी फ्रिजमधल्या दह्याची कढी केली आणि जावयाचं सात वर्षांचं संशोधन उकळलं.

"कढी उत्तम झाली होती," टिळेकर विद्यापीठाच्या ग्रंथपाल सरनोबत बाईंना रडत रडत म्हणाले.

माहिती दह्यातल्या जिवाणूंत साठवता येऊ लागल्यापासून संशोधकांची कपाटं रिकामी आणि फ्रिज गच्च भरलेले असत. टिळेकरांच्या वाटीत चारशे विहिरींच्या पाण्याच्या नोंदी होत्या. प्रबंध परवा द्यायचा होता.

"दुसरीकडे कुठे विरजण लावून ठेवलंत?"

"नाही हो. तुमच्या त्या माहिती-नियोजनाच्या फॉर्मवर 'दुसरी प्रत कुठे?' या रकान्यात मी 'गरज नाही' लिहिलं."

"सगळे तेच लिहितात. म्हणून तर मी दर महिन्याला चमचाभर दही मागायला येते."

"मला वाटलं, तुम्हाला आवडतं!"

"मला दही सोसत नाही, टिळेकर."

बाईंनी ग्रंथालयाच्या फ्रिजमधून गेल्या आठवड्याची वाटी काढून वाचनयंत्राखाली ठेवली. चारशेच्या चारशे विहिरी पडद्यावर आल्या. रकान्यांची नावं मात्र 'क', 'ख', 'ख जुना' अशी होती, आणि 'ख जुना' म्हणजे काय ते टिळेकरांना काही केल्या आठवेना.

बाईंनी वाटीवर चिकटवलेली चिठ्ठी वाचली. "पावसाळ्यापूर्वीचे क्षार. तुम्हीच सांगितलंत, चौथ्या वर्षी, कॅन्टीनमध्ये वडा खाताना."

टिळेकर वाकले.

"पाया नंतर पडा," बाई म्हणाल्या, "आधी दूध कोमट करा."