सहलीचं वर्णन

परिषदेला आलेल्यांच्या बायकांसाठी दरवर्षी सहल असे. या वर्षी परिषद सोडून प्राध्यापकच त्या सहलीच्या बसमध्ये चढले, तेव्हा सगळ्याजणी हसल्या. "काय भावजी, आज भाषणांना दांडी?" त्यांच्या सहकाऱ्याच्या बायकोने विचारलं.

प्राध्यापक ओशाळले. "काय आहे वहिनी, दरवर्षी इथे मी सभागृहात आणि ही तुमच्याबरोबर. संध्याकाळी खोलीवर आली की सगळं रंगवून सांगायची. खाडीतली बोट, समुद्रातून दिसणारा तो कडा, त्यावरचे पांढरे पक्षी. आता ती नाही. म्हटलं, तिने पाहिलेलं एकदा आपणही पाहून घ्यावं."

वहिनींनी सरकून त्यांना खिडकीजवळची जागा दिली.

धक्क्यावर उतरल्यावर ते बोटीत पाय ठेवणार, तेवढ्यात वहिनींनी त्यांना बाजूला घेतलं.

"भावजी, सांगावं की नाही कळत नाही. ती बोटीत कधी बसलीच नाही. पाण्याला जाम घाबरायची. आमच्या पर्सा सांभाळत त्या बाकावर बसून राहायची. आम्ही परत आलो की एकेकीला धरून विचारायची, 'काय काय पाहिलंत? नीट सांगा गं, हे बिचारे दिवसभर आत कोंडलेले असतात. संध्याकाळी त्यांना सांगायचंय.'"

बोटवाला घाई करू लागला. प्राध्यापक बोटीपासून मागे सरले. मग बाकाकडे वळले.

"तुम्ही या जाऊन," ते म्हणाले. "पर्सा द्या माझ्याकडे."