कच्च्या सुतातली माळ

जपाला बसू पाहणाऱ्याने आयुष्यभर काय केले, हे माळकराने विचारू नये; तो कोणता मंत्र म्हणणार, एवढेच विचारावे. वृद्ध माळकराने ही मर्यादा चाळीस वर्षे पाळली होती. समोरच्या गृहस्थाने माळ दुसऱ्यासाठी हवी असल्याचे सांगितले, तेव्हाही त्याने तेवढेच विचारले.

"रामनाम," गृहस्थ म्हणाला. इस्त्रीचा सदरा सावरत तो बाकाच्या कडेवर अवघडून बसला होता. "नात्यातलाच आहे म्हणा. फार दिवस नाहीत त्याच्या हातात. कधी देवाला हात जोडले नाहीत, आता जप करायचा म्हणतो. शांतपणे जाता यावं, एवढीच इच्छा आहे."

"मृत्युंजय नको?"

"नको. आयुष्य सगळीकडे मागून झालं."

माळकराने रुद्राक्ष बाजूला सारले आणि तुळशीच्या मण्यांचे ताट पुढे ओढले. गृहस्थाची नजर मात्र स्फटिकावर होती.

"तो थंड असतो म्हणतात."

"डोकं तापट असेल तर स्फटिक. जीव घाबरा असेल तर तुळस. हलकी असते, हाताला भार होत नाही. आणि तुमचंच डोकं तापलं असेल, तर माठ त्या कोपऱ्यात आहे."

गृहस्थ कसनुसा हसला. मग त्याने तुळशीचेच बारीक मणी निवडले. "सत्तावीसच ओवा. गुरुवारपर्यंतच तर..." तो थांबला.

"वेळ कमी म्हणून मणी कमी करू नयेत. एकशे आठ ओवतो."

"आणि दोरा कच्चा घाला, काका. ओढला की तुटेल असा."

माळकराचा हात थबकला. त्याच्या माळा दोन-दोन पिढ्या टिकत. "तुटावी म्हणून मी आजवर एकही माळ ओवली नाही."

"तिथला नियम आहे. नाहीतर माळ आत जाऊ देणार नाहीत, आणि तो रिकाम्या हाताने बसेल."

माळकराने तिपेडी रेशीम सावकाश गुंडाळून ठेवले आणि एकपदरी कच्चे सूत घेतले. नंतर निवडलेले मणी त्याने ताटात परत ओतले व बोराएवढे मणी वेचू लागला.

"एवढे मोठे कशाला?"

"बारीक मणी त्याच्या बोटावर ठरणार नाहीत. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला वरचं पेर नाही त्याच्या. सात वर्षांचा होता. मण्यांना भोकं पाडायच्या माझ्याच गिरमिटाखाली गेलं."

गृहस्थ उठून उभा राहिला. "बाबांना कळू देऊ नका, असं बजावलं होतं त्यानं."

"मग कळलं म्हणून सांगू नका," सुईत सूत ओवीत माळकर म्हणाला. "गुरुवारी पहाटे फाशीघराकडे नेताना घाई तेवढी करू नका, शिपाईदादा. चालता चालता त्याचा एक फेरा पुरा होऊ द्या. देव तुम्हा दोघांचं भलं करो."