एक कोटी वेळा

"काका, वाका ना पुढे," एक्स-रेवाली तिसऱ्यांदा म्हणाली. पाठ आखडली म्हणून आलेला मिस्त्री आपला खांबासारखा ताठ. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याच्या कण्यातली खराब झालेली चकती काढून तिथे कृत्रिम बसवली होती, वर-खाली धातूच्या दोन तबकड्या आणि मध्ये प्लॅस्टिकची गादी. तेव्हापासून हा माणूस कमरेत वाकला म्हणून नव्हता.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टर सहज बोलून गेले होते, की ही चकती यंत्रावर एक कोटी वेळा वाकवून पाहिलेली असते. दुसरा कोणी असता तर निर्धास्त झाला असता. पण मिस्त्रीने उभा जन्म लेथवर काढलेला, बेअरिंगं झिजताना पाहिलेली. त्याने ऐकलं ते इतकंच, की एक कोटी झाले की खेळ खलास. मग काय, पठ्ठ्याने वाकण्याचीच काटकसर सुरू केली. खाली पडलेलं उचलायचं बायकोने, पलंगाखालचं काढायचं बायकोने. आता तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले होते. पुढच्या आठवड्यात तिचं ऑपरेशन होतं, आणि त्यानंतर घरात वाकणार कोण, या काळजीने दोघांची झोप उडाली होती.

शेवटी बायकोच लंगडत डॉक्टरांना घेऊन आली आणि तिने हे कोटीचं प्रकरण त्यांच्या कानावर घातलं. डॉक्टर हसले नाहीत. वर्षाला सव्वा लाख वेळा वाकलात तरी कोटी व्हायला ऐंशी वर्षं लागतील, असं त्यांनी समजावलं.

"आणि मिस्त्री, एक कोटीला चकती मोडत नाही. तपासणारेच तिथे यंत्र थांबवतात."

मिस्त्री हळूहळू वाकला. डॉक्टरांनी नवा फोटो सहा वर्षांपूर्वीच्या फोटोशेजारी लावला. तबकड्या पांढऱ्याफटक, मधलं प्लॅस्टिक एक्स-रेत दिसत नाही, तिथे नुसती फट. मिस्त्रीने कारखान्यातल्या नजरेने ती फट मोजली. तसूभर फरक नव्हता. आखडले होते ते पाठीचे स्नायू. रोज वाकत जा, डॉक्टर म्हणाले, चकती बसवलीय त्यासाठीच. मिस्त्रीला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली.

बाहेर बाकावर बसून बायको सँडलचा पट्टा लावायला धडपडत होती. मिस्त्री तिच्यासमोर गेला आणि कमरेतून खाली वाकला.

"अहो, थांबा, मी लावते," ती सवयीने म्हणाली.

त्याने पट्टा ओढून घेतला. पट्टा बसला, तरी तो खालीच. तिचा सुजलेला गुडघा इतक्या जवळून त्याने कधी पाहिलाच नव्हता.

"लागला की. उठा आता."

"दुसरा पाय पुढे कर," मिस्त्री म्हणाला.